लेखाशीर्ष नाही

वाल्दिव्हिया. नदीकाठची इमारत, तिसरा मजला.
समुद्री शेवाळाच्या जाळीवर कूर्चा वाढवणारं केंद्र.
आत काय चालतं ते मला अर्धंच कळतं.
मी हिशेब बघते.

एकवीस माणसं, नऊ फ्रीझर.
तिसरा फ्रीझर रात्री धापा टाकतो,
त्याच्या पाठीवर थाप मारायची जागा
फक्त कात्रिलेफला ठाऊक आहे.
कात्रिलेफचे गुडघे गेलेत.
कूर्चेच्या कारखान्यात हा विनोद रोज होतो,
तोच करतो.

डॉक्टर रेबोयेदो सांतियागोला जातात,
गुडघ्याला बाशिंग बांधूनच म्हणा,
लांब टेबलांपाशी रंगीत चित्रं दाखवतात
आणि टाळ्या घेऊन परततात.
टाळ्या कुठल्या रकान्यात जमा करू?

म्हणून मी याची टोपी त्याला घालते.
सूक्ष्मदर्शकाच्या दुरुस्तीची नायट्रोजनला,
नायट्रोजनची एका पोराच्या विमान-तिकिटाला.
पोरगा परिषदेत निबंध वाचतो तेव्हा
आपल्या डोक्यावर काय काय आहे
हे त्याला माहीत नसतं. नसावंच.

पेशींना रविवार नसतो.
मियाराय रविवारी येते,
ओला कोट खुंटीला, हात कोपरापर्यंत धुतलेले.
जुनं द्रव्य काढते, नवं घालते,
विरजणासारखं कालच्यातलं थोडं
उद्यासाठी मागे ठेवते.
तिचा करार अकरा महिन्यांचा.
पेशींच्या करारावर तारीख नाही.

अर्जात दरवर्षी एक चौकट असते:
केंद्राचं सातत्य कसं राखाल? शब्दमर्यादा अडीचशे.
मी लिहिते भागीदारी, लिहिते विविध स्रोत,
लिहिते दीर्घकालीन दृष्टी,
आणि शब्द मोजते.

ऑगस्टात एका रात्री जमीन हलली.
फार नाही. आमच्याकडे एवढ्याने कुणी चहा खाली ठेवत नाही.
पण वीज गेली ती गेलीच,
आणि जनरेटर चाळीस मिनिटांत विझला.
टाकीत तेवढंच होतं.
मे महिन्यात डिझेलचे पैसे मी दुसरीकडे वळवले होते.
कागदावर सही माझी आहे,
अगदी सुवाच्य.

मासळीबाजारात समुद्रसिंह फळकुटांवर घोरत होते.
डोन्या उर्सुलिनाने गाऊनवर रेनकोट चढवून
सहकारी संस्थेच्या बर्फघराचं कुलूप उघडलं.
'हा कोरडा बर्फ मेलेल्यांसाठी आहे,' म्हणाली,
'जिवंतांना चालेल?'

मग जिना. अंधारात पोरांची साखळी,
हातातून हातात वाफाळती खोकी,
आणि कात्रिलेफ प्रत्येक पायरीला
एकेका संताचं नाव घेत, शिवीसारखं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दिवे आले.
सगळं नाही वाचलं.
दुसऱ्या कप्प्यातली सर्वांत जुनी रांग गेली,
जिच्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा,
आणि तो आकडा वाचून मियाराय
खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.
मी तिला काही सांगितलं नाही.
नंतर सांगितलं. सहीचंसुद्धा.

उर्सुलिनाने पैसे घेतले नाहीत.
'काय वाचवलं ते दाखवा,' म्हणाली.
भिंगाला डोळा लावून ती वाकली,
मासे पारखणारी बाई, घाई नाही.
'हलत नाहीत.'
'नाही हलत.'
'मग जिवंत कशावरून?'
डॉक्टरांनी घसा साफ केला.
मियाराय म्हणाली, 'उद्या या. जास्त दिसतील.'

चाळीस किलो कोरडा बर्फ, पावती नाही.
लेखापरीक्षकाने विचारलं, लेखाशीर्ष कोणतं?
मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं,
खोडलं नाही अजून.

आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच आली.
पिशवीत गरम पाव. भिंगाकडे जायच्या आधी
माझ्या टेबलाशी थांबली.
'डिझेल भरलंत?'