भरलेला टब

बेलग्रेडच्या किल्ल्याच्या खंदकात आता टेनिस खेळतात.
चेंडू जाळीवरून जातो, परत येतो, परत जातो.
वर लिंडनखाली, घडीच्या खुर्चीवर
विदोसावा बसते क्रोशाचे रुमाल मांडून.
प्रत्येकावर एकेक दगड. वारा दोन नद्यांचा आहे.

किती वेढे पडले, असं कुणी विचारलं
तर आधी टाके मोजून होतात, मग उत्तर:
"शाळेत पाठ होतं. तुर्क, मग ऑस्ट्रियावाले,
परत तुर्क, परत ते.
एक गाळला म्हणून बाईंनी पट्टी मारली होती.
कुठला ते आठवत नाही. पट्टी आठवते."

पलीकडे विहीर आहे, तिला रोमन म्हणतात.
खणली ऑस्ट्रियावाल्यांनी, पुढच्या वेढ्याच्या धास्तीनं.
ज्यांची धास्ती, ते आलेच,
आणि गड, विहीर, सगळं त्यांचं झालं.
नाव मात्र तिसऱ्याचंच.

विदोसावाकडे आईचं एकच स्त्रीधन:
कुत्री गप्प झाली की टब भरून ठेव.
आईला ते तिच्या आईकडून आलेलं.
तेव्हा टब कुठला? घंगाळ भरायचं, काथवट भरायची,
एका हिवाळ्यात म्हणे लाकडी पाळणासुद्धा भरला.
बाळ कुठं होतं तेव्हा,
हे कुणीच सांगत नाही.

एक्केचाळीसच्या एप्रिलात आईनं भरला.
नव्व्याण्णवच्या मार्चात हिनं भरला,
अठ्ठ्याहत्तर दिवस तांब्यातांब्यानं पुरवला.
मधल्या वर्षांत नुसतं गडगडलं तरी भरायची.
रादोमिर चिडायचा, "अगं, पाऊस आहे तो."
बहुतेक वेळा पाऊसच असायचा.
रादोमिर आता नाही.

यंदा नात आली, ईस्क्रा, व्हिएन्नाहून,
रात्रीच्या बसनं.
पूर्वी त्या बाजूनं तोफा यायच्या.
"चल आजी. लिफ्ट आहे. चोवीस तास पाणी आहे."
कशी कोण जाणे, विदोसावा हो म्हणाली.
सुई घेतली, दोरा घेतला,
सहा कांदे घेतले.
"तिथं कांदे मिळतात गं!"
"असू देत."

पहिल्या रात्री ती जागीच होती.
व्हिएन्नाची कुत्री भुंकतच नाहीत.
अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले,
एकही नाही.

सकाळी ईस्क्रा न्हाणीघराच्या दारातच थबकली.
टब काठोकाठ. बादली. दोन पातेली.
फुलदाणीसुद्धा; फुलं काढून
नीट टॉवेलवर निजवलेली.

"आजी, इथं कोण येणार आहे?"
विदोसावा कांदा सोलत होती.
"याही गावाला पडलेत वेढे. दोन तरी.
तुमच्या शाळेत शिकवत नाहीत?"

ईस्क्रानं बाही सरकवली,
बुचाच्या साखळीपर्यंत हात घातला.
पाणी गार होतं, कोपरापर्यंत.
मग हात तसाच बाहेर काढला,
तोंडावर दोन ओंजळी मारल्या
आणि बिनआंघोळीची कामाला गेली.