उसना बर्फ

पहिल्या पानावर गोल शिक्का, त्याखाली माझी सही,
मग रकाने: मिळाले, वापरले, शिल्लक.
नाळेचे चिमटे सहा.
हातमोजे, साडेसहाचे, एक जोडी
(सातचे तीन डझन आहेत, माझ्या बोटांना ढगळ).
ऑक्सिटोसिन तीन.
मॅग्नेशियम सल्फेटपुढे जूनपासून शून्य काढते आहे,
दर महिन्याला ते अधिक सुबक येतं.

मागणीपत्राला तालुक्याचं उत्तर आलं:
पुरवठा झाल्यावर कळविण्यात येईल.
कोण कळवणार, ते वाक्यात कुठेच नाही.

वादळानंतरचा चौथा दिवस.
विजेचा खांब सुरूच्या बनात आडवा झोपलेला,
आणि उपकेंद्रातला फ्रीज म्हणजे
पांढरं, कोमट कपाट.
मी घाटावरची. मला इथलं फार कळत नाही,
पण जेटीवर शेवंती खवणेकरच्या पेटीवरचं झाकण उघडलं
की धूर निघतो, एवढं माहीत होतं.

"माशाक बर्फ मिळता,
नि तुज्या औषदाक नाय?" ती म्हणाली.
मग बांगडे बाजूला सारून जागा केली.
मी सांगितलं, थेट बर्फावर नको, गोठेल.
तिनं पदराचं टोक फाडलं,
माझा स्टीलचा डबा त्यात गुंडाळला,
वर हात ठेवून म्हणाली, "बांगडो नासलो
तर वास मारता. ह्यां नासलां तर कळता कसां?"

कळत नाही, शेवंती.
तसंच स्वच्छ दिसतं. काचेत, उन्हात, तळहातावर.
ऐन वेळी पाणी निघतं.

तिसऱ्या रात्री रेश्मा तारी.
ओहोटी लागलेली, होडी चिखलात तिरकी,
पलीकडच्या धक्क्यावर रुग्णवाहिकेचा दिवा फिरत होता,
चालक फोनवर ओरडत होता, पाणी भरलं की आणा, पाणी भरलं की.
पाण्याला कुठे घाई असते.

दोन पन्नासला मुलगी झाली.
मग तो वेळ आला, ज्याची मला भीती वाटते,
मूल रडतंय म्हणून सगळे हसत असतात
आणि मी चादरीकडे बघत असते.
शेवंती डबा घेऊन अंधारातून आली, पायांना शेवाळ.
बॅटरीच्या उजेडात कुपीची मान मोडली,
मांडीत सुई, मग पोटावर हात.
मऊ. मळलेल्या कणकेसारखं मऊ.
मऊ.
मऊ.
मग हाताखाली हळूहळू
नारळासारखं घट्ट.
रेश्माची सासू तोवर सगळ्यांना सांगत सुटली होती
नाक कुणावर गेलंय ते.

गेल्या वर्षी एक होती.
वहीत तिच्या नावापुढे निळ्या शाईत फक्त रेफर.
अर्ध्या खाडीपर्यंत ती माझा हात धरून होती.
होडीवाल्याने नंतर फळ्या खाऱ्या पाण्यानं धुतल्या,
मग नवा रंग मारला, हिरवा,
आणि मला पुढे कधी भाडं मागितलं नाही.

वापरले एक, शिल्लक दोन.
बर्फाला रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिलं:
बर्फ, दोन किलो रोज, उसना, शे. खवणेकर.
गुरुवारी तपासणीला साहेब आले.
खोलीत वास कसला, विचारलं,
नाकाशी रुमाल धरून वही चाळली
आणि त्या ओळीभोवती लाल गोल काढला:
खुलासा करावा.

वीज आली आहे. अधूनमधून.
खुलासा लिहायला घेते नि दोन ओळींत अडते.
शिल्लक दोन.
वाडीत दिवस भरत आलेल्या चारजणी,
त्यातली एक जुळ्यांची.
भरती आज पहाटे पावणेपाचला.