दहा लिटरला

बीडचं बाह्यवळण सरळ झालं
आणि मी अंगठ्यानं बटण दाबलं. ऐंशी.
मग उजवा पाय उचलून
मांजरीसारखा सीटखाली ओढून घेतला.

आण्णांनी आधी माझ्या पायाकडं पाहिलं,
मग काट्याकडं.
"कोण चालवायलंय?"

क्रूझ, मी म्हणलं. आपण वेग सांगायचा, तो सांभाळतो.
पाय सारखा वरखाली होत नाही, पेट्रोल वाचतं.
मधूनच इंजिन गप्प होतं, बॅटरी ओढते.
आत्ता. ऐका.

त्यांनी ऐकलं. ऐकायला काही नव्हतं.
एकतीस वर्षं तापलेल्या बोनेटशेजारी बसलेल्या माणसाला
शांतता म्हणजे बंद पडलेली गाडी.
त्यांचा हात दाराच्या कडीपर्यंत जाऊन परत आला.

आमच्या फ्रीजवर एक स्टीलचा डबा आहे.
झाकणावर कोरलंय: बीड आगार, डिझेल बचत, दुसरा क्रमांक.
पहिला पाटोद्याच्या मकदूम ड्रायव्हरला.
"त्याचा रूट सपाट होता,"
हे आण्णा अजून सांगतात, पाहुण्यांना वरण वाढतानासुद्धा.
दहा लिटरला किती किलोमीटर,
त्यावर तेव्हा माणूस मोजायचे.
मला सहामाहीला गणितात एकेचाळीस पडले
तर म्हणाले, "वैजू, एवढं तर माझी धारूरची गाडी
घाटात देते."

मांजरसुंबा.
गाडीला चढ कळला तो चढ लागल्यावर.
ऐंशी म्हणजे ऐंशी, म्हणत इंजिन केकाटलं,
पडद्यावरचा आकडा घसरला,
सव्वीस, एकोणीस, अकरा.

"बघ. ह्याला म्होरचं दिसत नाही.
ज्याला चाकाखालचंच कळतं
त्याच्या हाती घाट देऊ नाही."
मी क्रूझ सोडलं.
"आता वेग पडू दे. साठवर आला तर येऊ दे, लाज कशाची.
मागचा ट्रक हॉर्न देतोय? देऊ दे की,
त्याचं डिझेल, त्याचा हॉर्न."

माझा पाय, त्यांचा शब्द.
पेडलवर अंडं ठेवलंय असं समज, म्हणाले,
आणि अंडं उकडलेलं नाही.

माथा ओलांडला. "सोड. समदं सोड."
मी सोडलं.
चौसाळ्याकडं रस्ता हळूच कलतो,
तिथं पडद्यावर एक निळा बाण
चाकांकडून उलटा बॅटरीकडं वाहायला लागला.
"हे काय?"
उतार साठवतीय गाडी.
"म्हणजे उतरताना परत मिळतं?"
मिळतं. थोडंसं.

मग ते बराच वेळ बोलले नाहीत.
सोयाबीनचे पिवळे पट्टे गेले, एक जिनिंग, दोन ढाबे,
रसवंतीचं वाळलेलं चिपाड.
"धारूरचा घाट," मग म्हणाले, "रोज दोन खेपा.
एवढा उतार उतरलो गं.
सगळा ब्रेकच्या लायनरला दिला."

पुढं रस्ता ताणलेल्या दोरीसारखा.
"लाव आता तुझं ते. सपाटीला चांगलंय,
सपाटीला कुणी पण चांगलं असतं."
बोट पुढं करून बटण त्यांनीच दाबलं,
चुकून वेगाऐवजी गाणं लागलं, मग बरोबर दाबलं.
आणि मला दिसलं, त्यांच्या बाजूच्या मॅटवर
त्यांचा उजवा पाय, चप्पल काढून ठेवलेला,
लांबवर पूल दिसला की
गाडीच्या आधी हलका होत होता.

धाराशिवला पंपावर थांबलो.
पंचवीस पूर्णांक चार, मी वाचलं.
त्यांनी ओठातल्या ओठात शून्य चढवलं,
खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सारला.

"मकदूम? मी बोलतोय.
दहा लिटरला दोनशे चोपन्न.
नाही. नाही रे.
घाटासकट."