अबोला

सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची.
म्हणून बिनगोळीचीच बसते मी बर्गेनच्या बसमध्ये,
आइफ्योर्डच्या धक्क्यावरून, पाच चाळीसला.
खिशात दोन कॅप्सूल. पाकीट फाडलं की
उग्र, रानवट वास येतो त्यांना.

डॉक्टर हेल्येसेननं एकदा पावतीच्या पाठीवर
काढून दाखवली होती माझी टी-पेशी.
ती मरत नाही या औषधानं, म्हणाली.
आंधळीही होत नाही.
परकं मांस तिला दिसतं, ती ते चाचपते,
तिच्या आत कॅल्शियम चढतं, फ्योर्डात भरती चढावी तसं,
आणि निरोप केंद्रकाकडे निघणार
एवढ्यात निरोप्याचा हात कोणीतरी धरून ठेवतं.
हाक घशातच राहते.
हाक नाही, म्हणून बाकीच्या जमत नाहीत.

म्हणजे अबोला, मी म्हटलं.
तिनं पेन खाली ठेवलं.

अबोला आमच्याकडे नवा नव्हता.
तोर्गाइर आणि मी अकरा वर्षं बोललो नाही,
वडिलांच्या नावघरावरून, ज्याचं छप्पर
तेवढ्या काळात दोघांपैकी कोणीच शाकारलं नाही.
त्याच्या मेंढ्या माझ्या कुंपणाशी आल्या
तर मी हाकलायचे. मेंढ्यांनाही काही न बोलता.
मग माझी मूत्रपिंडं गेली.
नाताळच्या आधी तो दारात उभा, टोपी न काढता:
"रक्तगट जुळतो. विचारून आलोय."

आता त्याचं एक माझ्या ओटीपोटात, उजवीकडे.
आणि माझ्या पेशी, त्याच घराण्याच्या,
त्याला ओळखून आहेत.
दर बारा तासांनी
त्यांच्या तोंडावर हात ठेवावा लागतो.

औषध म्हणे आमच्याच पठारावरचं.
सुट्टीवर आलेल्या कोणीतरी पिशवीभर माती नेली,
तिच्यातल्या बुरशीत सापडलं.
मला मात्र हातमोज्यांशिवाय
त्या मातीत बटाटा लावायला बंदी.

हिरड्या वाढल्यात. गालांवर लव आली आहे.
सही बँकेत ओळखत नाहीत, इतकी थरथरते.
आणि फेब्रुवारीत नागीण उठली,
डाव्या बरगडीवरून पाठीकडे जाणारी.
लहानपणच्या कांजिण्या या, डॉक्टर म्हणाली.
पन्नास वर्षं मज्जातंतूत निजलेल्या असतात,
त्यांच्यावर पहारा करणाऱ्या पेशीही
याच औषधानं गप्प होतात.

मी सात वर्षांची होते.
कांजिण्या शाळेतून तोर्गाइरनंच आणल्या.
आईनं एकाच खाटेवर निजवलं आम्हाला,
हातांना लोकरीचे मोजे बांधून, खाजवू नये म्हणून.
दिवा मालवल्यावर आम्ही मोज्यांनीच
एकमेकांची पाठ खाजवली.

त्या रात्री फोन केला त्याला.
म्हटलं, तुझ्या कांजिण्या परत आल्यात.
बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता, तो गोठ्यात असावा.
मग म्हणाला,
"मोजे बांध."