आहेस का

तिकडं रात्रीचे अकरा,
इकडं पहाटेचे साडेचार.
मोहफुलाची टोपली पायाशी,
फोन कानाशी.
प्रणालीचे बूट वाजतात ओल्या रस्त्यावर.
"कोनी दिसते का वं?"
"कोनीच नाई, आई."
बरं वाटते.
मंग वाटते, कोनीच नाई, हे बरं कसं?

मागच्या पंधरवड्यात वाघानं
नन्नावरेची गाय बांधीतून ओढत नेली.
तेव्हापासून आम्ही आठ जणी मिळून जातो,
ताटं बडवत.
झाडाआड कोणी गेली की हाक:
आहेस का?
आहे.

कॉलेजच्या गाडीनं ती फाट्यावर उतरायची
तेव्हा मी तिच्या भावाला धाडायची, टॉर्च देऊन.
वाघासाठी नाही.
फाट्यावरच्या पानठेल्यासाठी.
अकरा वर्षांचा होता तो,
टॉर्च दोन्ही हातांनी धरायचा.

तिकडं पानठेला नाही, वाघ नाही.
दिवे इतके, की एका माणसाच्या
दोन-दोन सावल्या पडतात म्हणते.
पण गाडीची काच खाली करून
कोणीतरी ओरडलं होतं, आपल्या घरी जा.
हे तिनं भावाला सांगितलं, मला नाही.
घरीच तर चालली होती पोरगी.

किल्ली वाजली नाही अजून.
अंगणाबाहेरून दमयंतीची हाक येते,
आहेस का वं?
फोन तसाच धरून मी ओरडते,
"आहे!"

आणि तिकडून,
जराशी धापत,
प्रणाली म्हणते,
आहे.