बद्द

उद्यमनगरात, मगदूमांच्या फौंड्रीसमोरच्या टपरीवर
साडेअकराला नवी चिप बाहेर आली.
म्हणजे मोबाइलमध्ये.
काळ्या कपड्यातला एकजण स्टेजवर
दोन बोटांत काहीतरी धरून उभा,
आणि टाळ्या अशा, की
इलाहीनं बघायला स्टोव्ह बारीक केला.

"तीन नॅनोमीटर," प्रणित म्हणाला.
मी विचारलं, सुतात किती?
तो हसला. मीही हसलो,
पण माझे सत्तर शेअर आहेत त्यात,
तेव्हा जरा कमी.

एकतीस वर्षं मी कास्टिंग तपासलं.
गार झालं की वाळू झाडायची,
साखळीला टांगून हातोडीनं एकदा, हळू, वाजवायचं.
खणखणलं तर ट्रकात.
बद्द वाजलं तर परत भट्टीत,
मग दारात मालक उभा का असेना.

चिपही वाळूचीच, म्हणतात.
तिकडच्या कारखान्यालाही फौंड्रीच म्हणतात.
एवढ्यावर घेतले मी शेअर, आपल्या धंद्यातलं म्हणून.
पैसे कुठं घातले, बायकोनं विचारलं.
वाळूत, म्हटलं.

मग निळ्या कोटातला विश्लेषक आला.
दिवाळीत म्हणाला होता, अठराशे.
शिमग्याला, सावध राहा, बाराशे.
आज पुन्हा अठराशे,
जणू मधले बाराशे
दुसऱ्याच कुणाच्या तोंडून सांडलेले.
आणि टाळ्या संपायच्या आत
शेअर चार टक्के खाली.

शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला
व्यापारी ढेपेचा कोपरा फोडून जिभेवर तरी ठेवतो.
ह्यानं काय ठेवलं होतं जिभेवर?

खाली मुंगीच्या अक्षरात पट्टी पळत होती:
बोलणाऱ्याकडे वा त्याच्या नातलगांकडे
हे शेअर असू शकतात.

थांबव, म्हटलं. तिथंच.
प्रणितनं बोट ठेवलं.
कोट अर्ध्या शब्दात थांबला, तोंड उघडं.
मी काचेवर, त्याच्या छातीच्या मधोमध,
बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं. हळू.

नेमका समोर फेटलिंगचा ग्राइंडर सुरू झाला.
काही ऐकू आलं नाही.

"काच फुटंल की वो," इलाही म्हणाला.

विकले नाहीत अजून.
वाळू गरम असताना साचा फोडायचा नसतो,
एवढंच मला येतं.
आणि तेही
कुणी वाजवून बघितलेलं नाही.