उत्तर

जहाजावर मी स्वयंपाकी. बेल्मिरो, होर्ता बंदराचा.
मीठ जरा जास्तच पडतं माझ्या हातून.

आमच्या मागे दोरीनं एक नळकांडं ओढतात,
गळ टाकल्यासारखं. मासा लागत नाही.
लागतो तो खडकांचा कल,
दोन हजार मीटर खालचा.
कागदावर रेघ चढते, उतरते,
आईच्या शिवणयंत्राच्या वाकड्या टाक्यासारखी.

परवा साखळीच्या पोत्यातून खडक वर आले,
काळे, उशीसारखे गुबगुबीत, कडेला काचेची साय.
डेकवर पडले आणि आपोआप तडतडू लागले,
तापल्या तेलात ओला लसूण पडावा तसे.
कोंडलेला वायू, इल्दाबाई म्हणाली.

तिनं सांगितलं, त्यातलं मला उमगलं ते एवढं:
भेगेतून लाव्हा येतो, पाण्यात थिजतो.
थिजताना पोटातले लोखंडाचे कण
त्या घडीची उत्तर धरून बसतात.
मग भेग पुन्हा उघडते, त्याच थिजलेल्यातून,
अर्धा फ्लोरेसकडे सारते, अर्धा आमच्या फायालकडे.
एका दिवशी जन्मलेले.
दरवर्षी बोटभर लांब.

काही पट्टे उलटे निघतात.
तेव्हा पृथ्वीची उत्तर दक्षिणेला होती म्हणे.
"म्हणजे चुकले का ते?" बटाटे सोलता सोलता मी.
"छे. तेव्हा तेच खरं होतं."

झुल्मिरा फ्लोरेसला असते.
माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी.
आईचं मशीन मी विकलं, बोटीला इंजिन घेतलं.
इंजिन दुसऱ्याच हिवाळ्यात बुडालं, बोटीसकट.
तिचं एक पत्र आलं होतं. एकोणीस वर्षं झाली.
उत्तर मी दिलं नाही.

रात्री कुणी नसताना
नवा तुकडा होकायंत्राजवळ नेला. सुई दचकली.
मग जुना, चाळीस मैलांवरचा, तपकिरी, भुगा सुटणारा.
सुई जेमतेम हलली.
भेगांतून पाणी शिरतं, लोखंड गंजतं,
जोर ओसरतो, इल्दाबाईनं सकाळी सांगितलं.
"आणि दिशा?"
"ती बहुतेक राहते."
बहुतेक. शास्त्रज्ञ कधी पुरतं काही म्हणत नाहीत.

उद्या पश्चिमेची फेरी.
फ्लोरेसचा दिवा दिसेपर्यंत जायचं, मग वळायचं.
तिथं फोनला दोन दांड्या येतात, दहाएक मिनिटं.
कोबीचं सूप मंद आचेवर ठेवून वर जाता येईल.

आधी काय म्हणावं, मशीन,
की तिचं नाव?